बसून वाजवणारा

मागच्या महिन्यात पुण्याहून एका पोराचा फोन आला. महाराष्ट्रातल्या हार्डकोर पंक बँडांचा इतिहास लिहितोय म्हणाला, तुमच्या 'आणेवारी'ची माहिती हवी होती. मी तेव्हा सिरसाळ्याच्या एका लग्नाचा मंडप उतरवत होतो. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पडद्याची गुंडाळी. म्हटलं, "आणेवारी तहसीलला मिळती. सोमवारी जा." तो हसला नाही. "सर, तुमचा बँड का फुटला, एवढंच सांगा," म्हणाला. परळीत मला आजवर कुणी सर म्हटलेलं नाही. मी बावचळलो आणि तोंडाला आलं ते सांगून टाकलं, "पाऊस पडला न्हाई म्हणून." त्यानं बहुतेक ते लिहूनही घेतलं.

तसं ते खोटं नाही. पण खरं कारण निराळं आहे, आणि ते गुंडाळी सांभाळत फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून इथं बैजवार सांगतो.

आम्ही तिघं होतो. मी धुळाजी. परळीत माझ्या मामाचं मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान आहे. दहावीनंतर मी तिथं लागलो तो अजून तिथंच आहे. बँडात मी बास गिटार वाजवायचो. बास म्हणजे जेवणातलं मीठ, असं वैजनाथ म्हणायचा. मला विचाराल तर मला बँडात घेतलं ते स्पीकर माझ्याकडं होते म्हणून.

वैजनाथ गायचा आणि गिटार वाजवायचा. परळीत दर चौथ्या घरात एक वैजनाथ असतो, त्यातला हा सगळ्यात कमी देवाचा. बाप लहानपणीच गेलेला, आई छबुबाईनं शेती करून वाढवला. पुण्याला डिप्लोमा करायला गेला आणि डिप्लोमा सोडून बाकी सगळं करून परत आला. येताना एक जुनी गिटार आणली आणि एक पेन ड्राइव्ह. दुकानात आल्या आल्या त्यानं तो माझ्या मशीनला लावला. मी घाबरून म्हटलं, "स्पीकर फाटला का काय बे?" तोवर गाणं संपलंसुद्धा होतं.

"हे हार्डकोर पंक हाय," तो म्हणाला. "अजून लावू का?"

दुपारभर तेच चाललं. गिऱ्हाईक दारातूनच माघारी जात होतं. संध्याकाळपर्यंत मला ते आवडायला लागलं होतं, आणि का ते मला सांगता येईल. आमच्याकडं माईक एक तर पुढाऱ्याच्या हातात असतो, नाहीतर महाराजांच्या. मी जन्मभर माईक लावतोय. 'हॅलो, माईक टेस्टिंग' एवढंच माझं भाषण. बाकीच्यांनी सतरंजीवर बसून ऐकायचं. ही गाणी ऐकताना वाटायचं, सतरंजीवरचाच कुणीतरी उठलाय, त्यानं माईक हिसकावलाय आणि मिनिटभरात आपल्याला धरून नेणार हे त्याला ठाऊक आहे. म्हणून सगळं घाईघाईनं, ओरडून, श्वास न घेता.

नाव वैजनाथनंच ठेवलं. पिकाची आणेवारी पन्नास पैशांच्या आत आली की सरकार दुष्काळ मान्य करतं. "आपली आणेवारी जन्मापासून पन्नासच्या आत," तो म्हणाला, "फक्त कुणी जाहीर करत न्हाई."

तिसरा बुद्धभूषण. थर्मल वीज केंद्राच्या कॉलनीत राहायचा. वडील कचरूकाका थर्मलला फिटर, युनियनचे जुने कार्यकर्ते, घरात भिंतभर पुस्तकं. भूषण तोंडानं कमी आणि हातानं जास्त बोलायचा. डब्यावर, बाकावर, एसटीच्या पत्र्यावर, कुठंही बोटं चालायची. कॉलनीच्या क्लबात गणपती मंडळाचा एक ड्रमसेट धूळ खात पडला होता. वैजनाथनं त्याला त्यावर बसवलं आणि एक गाणं ऐकवलं. भूषणनं ते दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा वाजवलं. वैजनाथ गिटार बाजूला ठेवून नुसता त्याच्याकडं बघत राहिला.

पण भूषणच्या घरात वाजवणं हाच गुन्हा होता. त्याचे आजोबा तात्याबा गावची हलगी वाजवायचे. लग्न असो, मयत असो, पाटलाची मिरवणूक असो, हलगी घेऊन पुढं चालायचं, आणि जेवणाची वेळ झाली की लांब जाऊन बसायचं. धम्म घेतल्यावर काही वर्षांनी तात्याबांनी भर दुपारी दारासमोर हलगी जाळली आणि गावाला सांगितलं, आता तुमच्यापुढं आमी चालणार न्हाई. त्यावर गावानं काय काय केलं ते भूषणच्या घरात अजून सांगतात. पाणी बंद, किराणा बंद, काम बंद. तात्याबा बायकापोरं घेऊन परळीला आले, हमाली केली, पण हलगीला परत हात लावला नाही. कचरूकाकांनी हे इतकं जपलं होतं की घरात पोरांनी ताट वाजवलं तरी ते डोळे वटारायचे.

तेव्हा भूषण चोरून यायचा. आणि चोरी ती किती दिवस लपणार, त्यातही ड्रमची! एके दिवशी आम्ही क्लबात वाजवत होतो आणि दारात कचरूकाका. कुणीतरी कान भरले असणार. रागानं नाकपुड्या थरथरत होत्या. भूषणचे हात वरच्या वर राहिले. वैजनाथ "जयभीम काका" म्हणाला, ते त्यांनी ऐकलंच नाही. ते भूषणकडं बघत होते, मग आमच्याकडं, मग परत भूषणकडं.

"हा बसलाय," ते म्हणाले.

मी स्पीकरचा आवाज बारीक केला.

"हा बसलाय अन् तुमी दोघं उभे?"

"हो काका," मी म्हटलं. "याच्यात तसंच असतंय. ड्रमवाला बसून वाजवतो, बाकीचे उभे."

"सगळीकडं?"

"सगळ्या जगात," वैजनाथ म्हणाला.

"म्हंजी तू वंजाऱ्याचा, तो धनगराचा. तुमी दोघं घाम गाळत उभे, अन् माझं पोरगं स्टुलावर बसून वाजवणार?"

"आमचे पाय लई दुखतेत काका," मी म्हटलं.

काका हसायला लागले ते थांबेचनात. डोळ्यांना पाणी आलं. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, वाजवा. आम्ही वाजवलं. त्यांनी कानात बोटं घातली, पण उठले नाहीत. जाताना भूषणच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाजव. पण मला एक शब्द दे. बसूनच वाजवशील. कुणाच्या पुढं चालत वाजवायचं न्हाई. मंत्री येऊ दे न्हाईतर संत्री."

"दिला बाबा," भूषण म्हणाला.

त्या दिवसापासून कचरूकाका आमचे चौथे. रिटायर झाल्यावर तर तालमीला आमच्या आधी हजर. पांढरा शर्ट, खिशात पेन. गाण्यातले शब्द त्यांच्याशिवाय कुणाला कळायचे नाहीत, कारण ते कागदावर मागून घ्यायचे आणि वाचायचे. वैजनाथनं 'चेअरमन' हे गाणं लिहिलं तेव्हा त्यात शेवटी होतं, 'माझी फक्त तहान, तीही घेऊन जा.' काकांनी पेन काढलं. "तहान घिऊन तो काय करील? तीही लिहून घे, असं म्हण. लिहिल्याबिगर अनुदान मिळत न्हाई." वैजनाथ त्यांच्या पायाच पडला. मग गाणं असं झालं:

छावणी तुझी, चारा तुझा,
टँकर तुझा, वारा तुझा,
माझी फक्त तहान,
तीही लिहून घे!

शेवटची ओळ आठ वेळा ओरडायची. सगळं मिळून गाणं मिनिटभरही नव्हतं.

पहिला कार्यक्रम कॉलनीच्या स्नेहसंमेलनात झाला. आमच्या गाण्यावर पोरं एकमेकांना ढकलत नाचायला लागली, वॉचमनला वाटलं मारामारी सुरू झाली आणि त्यानं मेन स्विच खाली ओढला. दुसरा कार्यक्रम कॉलेजच्या गॅदरिंगला. तिथं प्राचार्य दोन गाण्यांनंतर माईकपाशी आले आणि त्यांनी आभारप्रदर्शन सुरू केलं. मोबाइलवर केलेलं पाच गाण्यांचं रेकॉर्डिंग वैजनाथनं इंटरनेटवर टाकलं. ते इंडोनेशियातल्या कुणाला तरी फार आवडलं. त्यानं लिहिलं, शब्द समजले नाहीत पण हा माणूस कशावर चिडलाय ते समजलं. कचरूकाकांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. आनंदाचे दिवस म्हणायचे तर तेवढेच.

मग पाऊस गेला. एक साल गेलं, दुसरंही गेलं. धरणात पाणी नाही म्हणून थर्मल बंद पडलं. चिमण्यांचा धूर थांबला, परळीचं आभाळ निळं दिसायला लागलं, आणि ते बघून कुणालाच बरं वाटलं नाही. कंत्राटावरची माणसं घरी बसली, त्यात भूषणही. लग्नं साधेपणानं व्हायला लागली, म्हणजे माझं दुकान बसलं. आणि छबुबाई आपले दोन बैल आणि एक गाय घेऊन चारा छावणीत राहायला गेली.

छावणी सिरसाळ्याच्या अलीकडं, सडकेला लागून. ती चालवायला होता सहकारी दूध संघ, आणि संघाचे चेअरमन सुंदरराव. हिरव्या जाळीखाली जनावरांच्या रांगा, प्रत्येकाच्या कानात नंबराचा बिल्ला, आणि त्यांच्या पायाशी बाजा टाकून माणसं. छबुबाई महिनोन्महिने तिथंच होती. आम्ही भेटायला गेलो की विटा मांडून चहा करायची. भूषण तिचा विशेष लाडका. त्याची आई तो शाळेत असतानाच वारली, तेव्हापासून सणाचं ताट तो छबुबाईकडंच जेवायचा, तेही चुलीपाशी बसून. त्यावरून तिला भावकीनं टोचलं तेव्हा तिनं भावकीशी बोलणं टाकलं, भूषणशी नाही.

माघ महिना असेल. छावणीचा मॅनेजर माणिकराव माझ्या दुकानात आला. चेअरमनसाहेबांची एकसष्टी होती. दुष्काळ असल्यामुळं ती साधेपणानं, छावणीतच, शेतकऱ्यांच्या सान्निध्यात करायचं ठरलं होतं. डीजे लावला तर पेपरवाले बोंबलतील, म्हणून गावच्या पोरांचा कार्यक्रम. "तुमचा बँड हाय म्हणं?" तो म्हणाला. मी म्हटलं, "हाय, पण आमची गाणी जरा आवाजी असत्यात." "चालतंय की. जनावरं काय तक्रार करतेत?"

वैजनाथला मी हे सांगितलं तर तो दुकानात नाचायलाच लागला. चेअरमनपुढं 'चेअरमन' म्हणायचं! त्याच्याच स्टेजवर, त्याच्याच माईकवर, आणि समोर छावणीतली सगळी माणसं. "याच्यासाठीच तर बँड काढलाय," तो म्हणाला. भूषणही खूश होता, पण त्याचं कारण वेगळं होतं. खरंखुरं उंच स्टेज आम्हाला पहिल्यांदाच मिळत होतं. तो घरी जाऊन बापाला म्हणाला, "बाबा, तुमी याच. मला स्टेजवर बसलेला बघा. सुंदरराव खाली अन् मी वर." कचरूकाकांनी शर्ट इस्त्रीला टाकला.

त्या दिवशी दुपारी आम्ही स्टेज लावलं. तीन ट्रॉल्या जोडून त्यावर फळ्या, मागं सुंदररावांचा फोटो. ड्रमसेट अगदी मध्ये मांडला. उन्हं कलायला लागली तशी माणसं जमली. छबुबाई पुढंच, सतरंजीवर, नवं लुगडं नेसून बसली होती. कचरूकाका टमटमनं येणार होते, ते अजून पोचायचे होते.

तेवढ्यात माणिकराव आला. "साहेब गेटवर आलेत. चला, वाजवत आणा त्यांना."

"आमी स्टेजवर वाजवणार," वैजनाथ म्हणाला.

"स्टेजवर मग वाजवा की. आधी गेटपासून हितवर आणायचं. हलगीवाले ऊसतोडीला गेलेत, सगळे कारखान्यावर. साहेब काय मुक्यानं चालत येतील व्हय?" मग त्यानं भूषणकडं बोट केलं. "ह्यो येईल. एक ढोल काढा त्यातला, बांधा गळ्यात."

भूषणनं मान हलवली. "मी चालत वाजवत न्हाई."

"कावून?"

"न्हाई वाजवत. माझ्या बापाला शब्द दिलाय."

"मी वाजवतो," वैजनाथ म्हणाला. त्यानं छोटा ड्रम स्टँडवरून काढला, दोरीनं गळ्यात अडकवला आणि बडवायला लागला. त्याला ठेका धरता येत नव्हता, चार लोक हसले. मग मी म्हटलं, द्या इकडं, मी जातो. मला तेवढं तरी येत होतं. माणिकरावानं माझ्या हातातल्या काड्या काढून घेतल्या. शांतपणे म्हणाला, "धुळाजी, तू कशाला? ज्याचं काम त्यानं करावं. त्याच्या घरचंच हाय ते."

आता मला सांगा, यात वाजवण्याचा काय संबंध राहिला? त्याला आवाज नको होता. आवाज तर मी पेन ड्राइव्हवर सनई लावूनही दिला असता. त्याला पुढं चालणारा माणूस पाहिजे होता, आणि तो अमुकच पाहिजे होता. मी त्याला तोंडावर तसं म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो मागं उभ्या असलेल्या आपल्या माणसाला म्हणाला, "त्या छबुबाईची जनावरं कोणत्या दावणीला हायेत रे? जागा कमी पडायली. उद्या जरा बघावं लागल."

धमकी म्हणाल तर तो शब्दही मोठा वाटावा इतक्या सहज. वैजनाथ पांढराफटक पडला. छावणीबाहेर गवताची काडी नव्हती. बैल आठ दिवसही जगले नसते.

छबुबाईनं ते ऐकलं. ती सतरंजीवरून उठली आणि पदर खोचत आली. "भूषणा, नको रे बाबा. मरू देत जनावरं. तू खाली ठिव ते."

भूषणनं तिच्याकडं बघितलं. वैजनाथच्या गळ्यातला ड्रम त्यानं स्वतः काढला, आपल्या गळ्यात घातला आणि गेटकडं चालायला लागला. मी मागं धावलो. वाटेत त्याला म्हटलं, "काका आले तर?" तो म्हणाला, "टमटम भरल्याबिगर निघत न्हाई. तवर हुईल."

गेटवर सुंदरराव हार घालून उभे होते. माणूस तसा गोड बोलणारा. "या, या, कलाकार," म्हणाले. भूषण पुढं झाला आणि वाजवायला लागला. त्याच्या हातातून जे निघालं ते आमच्या गाण्यातलं नव्हतं. तो हलगीचा ठेका होता, खणखणीत, जुना. आमच्या तालमीत तो मी कधी ऐकला नव्हता. कुठून आला, देव जाणे. लोक दोन्ही बाजूला सरकले. पुढं भूषण, मागं सुंदरराव, हात जोडत. गेटपासून स्टेज फार लांब नव्हतं, पण मला ते परळीहून बीडएवढं वाटलं.

आणि अर्ध्या वाटेत मला कचरूकाका दिसले. टमटम नेमकी लवकर भरली होती. सडकेवरून आत आलेल्या माणसांत, अगदी पुढं, इस्त्रीचा शर्ट. भूषणनंही त्यांना बघितलं. त्याचा ठेका चुकला नाही. आता चुकला असता तरी काय होणार होतं? तो तसाच वाजवत त्यांच्यासमोरून गेला. मी वळून बघितलं तेव्हा काका गर्दीत नव्हते.

कार्यक्रम झाला. त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं, कार्यक्रम झाला. भूषण स्टुलावर बसला आणि आम्ही 'चेअरमन' म्हटलं. वैजनाथ त्या दिवशी जसा ओरडला तसा आधी कधी ओरडला नव्हता. घशातून रक्त येईल असं वाटत होतं. सुंदररावाकडं बोट करून त्यानं 'तीही लिहून घे' आठच्या ऐवजी वीस वेळा म्हटलं असेल, रडत. बैल दावणीला हिसके देत होते. गाणं संपल्यावर सुंदररावांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. "पोरांत जोश हाय," ते माईकवर म्हणाले आणि आम्हा तिघांना एकेक नारळ दिला. माणिकरावानं मला बाजूला घेऊन विचारलं, देवीचं होतं का गाणं? एक शब्द कुणाला कळला नव्हता. त्या अख्ख्या छावणीत ज्या एका माणसाला ते गाणं पाठ होतं, तो सडकेनं पायी परळीकडं निघाला होता.

भूषण घरी गेला नाही, माझ्या गोडाऊनमध्ये ताडपत्रीवर पडून राहिला. सकाळी मी त्याला गाडीवर घेऊन गेलो. मीच बोलायचं ठरवलं होतं. कचरूकाका अंगणात बाजेवर बसले होते. त्यांच्या समोर, जमिनीवर, छबुबाई. ती आम्हाला बघून उठली.

"समदं सांगितलंय मी यांला," ती म्हणाली. "अन् जनावरं काल सांजंलाच सोडली. वैजू घेऊन गेलाय घराकडं."

"सोडली?" भूषण म्हणाला. "मावशे, मग मी कशापायी..."

"पोराच्या गळ्यात ढोल बांधून मिळालेला चारा मी बैलांला घालू? माझ्यानं व्हायचं न्हाई." ती डोळे पुसत निघून गेली. त्यातला एक बैल होळीपर्यंत गेला, दुसरा बाजारात. गाय मात्र जगली.

भूषण बापापुढं उभा राहिला. मी म्हटलं, "काका, त्याच्यावर रागावू नका. त्याला दुसरा विलाज नव्हता."

"मी रागावलो न्हाई," कचरूकाका म्हणाले. आवाज बसलेला होता. "बस भूषण. तूही बस धुळाजी. छबुबाईनं सांगितलं नसतं तरी मला कळालं असतं. तू उगं शब्द मोडणार न्हाईस."

"मग तुमी निघून कावून गेलते?"

काकांनी सांगितलं, आमच्या दोघांकडं न बघता.

"मी ल्हान होतो. माझा बाप हलगी वाजवीत पुढं चालायचा, मी त्याच्या मागं. पाटील जवळ आला की बाप मला डोळ्यानं खुणवायचा, अन् मी पायातली वहाण काढून हातात घ्यायचो. त्यानं हलगी जाळली, त्याला जल्म झाला. मी इसरलो होतो ते. थर्मलला एवढी वर्सं काढली, सायबाच्या तोंडावर बोललो, गेटवर भाषणं केली. काल तू वाजवत आला. मी पुढं उभा होतो, तू दिसावा म्हणून. मागून सुंदरराव आला. अन् तो ठेका कानात पडला." त्यांनी आपला उजवा हात वर करून बघितला. "भूषण, मी खाली बघितलं तर माझी चप्पल माझ्या हातात. मी काढली न्हाई रे. ती हातात आली."

भूषण बाजेजवळ खाली बसला आणि त्यानं तोंड बापाच्या मांडीत घातलं. मी तिथं थांबायला नको होतं, पण मला उठता येईना.

त्यानंतर आम्ही वाजवलं नाही. वैजनाथनं दोनदा विचारलं, मग तो पुण्याला निघून गेला, आता एका कंपनीच्या गेटवर आहे. भूषण वीज मंडळात लागला. कुणी भांडलं नाही, कुणी सोडतो म्हटलं नाही. पण भूषणची बोटं थांबली. बाकावर नाही, डब्यावर नाही, गाडीच्या टाकीवर नाही. बोलताना तो हात मांडीखाली घेऊन बसतो.

कचरूकाका आणखी तीन-चार वर्षं होते. शेवटी शेवटी अंथरुणाला खिळले, तरी मी गेलो की त्यांचं एकच. "धुळाजी, सांग की याला. म्हणावं वाजव. बसून वाजव, मी ऐकतो." भूषण म्हणायचा, "वाजवतो बाबा," आणि चहा ठेवायला आत जायचा.